बघूकाका निर्णय घेतात

"माझा एकही निर्णय आजवर चुकलेला नाही!"

हे वाक्य बघूकाका असं ठणकावून म्हणायचे की नवा माणूस दबूनच जायचा. जुन्या माणसांना मात्र आतली गोष्ट माहीत होती. काकांचा एकही निर्णय चुकला नव्हता, कारण काकांनी एकही निर्णय घेतलेलाच नव्हता!

काहीही विचारा, उत्तर एकच. "बघू." पंखा दुरुस्त करायचा का? बघू. भिंतीला रंग काढायचा का? बघू. घराला आग लागली आहे, बाहेर पडायचं का? तरीही ते "बघू" म्हणाले असते, अशी काकूंची खात्री होती. खरं नाव मागे पडलं आणि सगळ्या गल्लीचे ते बघूकाका झाले. त्यातून दुकान चष्म्यांचं! त्यामुळे नाव आणखीनच घट्ट चिकटलं.

दुकानात काका राजा होते. गिऱ्हाइकाला उंच खुर्चीवर बसवायचं, नाकावर ती जड, गोल फ्रेम चढवायची आणि भिंगं पुढेमागे सरकवत विचारायचं, "सांगा, हे स्पष्ट, की... हे? पहिलं चांगलं, की... दुसरं?" गिऱ्हाईक घुटमळलं की काका चिडायचे. "अहो, दोनातलं एक सांगायचंय! एवढं काय अवघड आहे त्यात?" आणि हेच काका दुकानाची पाटी रंगवायला निघाले तेव्हा पेंटरनं कोपऱ्यात निळा आणि हिरवा असे दोन ठिपके देऊन विचारलं होतं, "कुठला?" काका म्हणाले, "बघू." आता ते दोन्ही ठिपके उन्हानं विटून एकाच रंगाचे झाले होते, त्यामुळे निवड आणखीनच कठीण होऊन बसली होती!

हे सगळं घरात चालून जात होतं. पण मुलीचं लग्न आलं आणि गाडी रुतली.

काकांची मुलगी फिजिओथेरपिस्ट. लोकांचे अडलेले गुडघे आणि धरलेल्या कमरा सोडवायची. तिचं जमलं होतं एका प्राण्यांच्या डॉक्टरशी. मुलगा हसरा, अंगाला कायम कुठल्यातरी मांजराचे केस चिकटलेले. काकूंना तो पहिल्या भेटीतच आवडला. काकांनाही आवडला असावा. पण विचारलं की, "बघू."

बरं, मुलाच्या आईनं एक अट घातली होती. आई निवृत्त न्यायाधीश! सगळे त्यांना न्यायाधीशबाई म्हणायचे. बाई म्हणाल्या, "मुलीच्या वडिलांनी स्वतःच्या तोंडानं 'हो' म्हटल्याखेरीज मी पुढे पाऊल टाकणार नाही. वडिलांचा जबाब झाल्याशिवाय निकाल नाही!"

झालं! इकडे जबाब मिळेना, तिकडे निकाल लागेना. मुलगी बिचारी दुसऱ्यांचे सांधे मोकळे करायची आणि घरी येऊन बापाच्या अडलेल्या जिभेकडे बघत बसायची.

अशात एका सुट्टीच्या दुपारी ती दवाखान्यातल्या मैत्रिणीकडून एक व्हिडिओ गेम घेऊन आली. काकांनी आधी नाक मुरडलं. गेम म्हणजे गाड्या पळवायच्या आणि धडाधड गोळ्या घालायच्या, एवढंच त्यांना ठाऊक. पण टीव्हीवर जे सुरू झालं तो चक्क सिनेमा होता! डोंगरावरचं जुनं विश्रामगृह, बाहेर बर्फ, रस्ता बंद. आत मोजकी माणसं आणि त्यांतला एकजण गायब. लाल स्वेटर घातलेली एक मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधत आलेली. एक दाढीवाला वाटाड्या, तो खरा की खोटा ते कळत नाही. आणि कंदील घेऊन फिरणारी म्हातारी मालकीण, तिला सगळं ठाऊक पण बोलत काही नाही. काका सोफ्याच्या कडेला टेकले. मग मागे रेलले. मग पाय वर घेऊन बसले.

तेवढ्यात मुलीचा फोन वाजला. "बाबा, हे जरा धरा," म्हणत तिनं काकांच्या हातात खेळाचा रिमोट दिला आणि ती गॅलरीत गेली.

पडद्यावर लाल स्वेटरवाली दाढीवाल्याकडे वळली. डोळे भरलेले. "माझ्यावर विश्वास आहे ना तुझा?" आणि चित्र थांबलंच! खाली दोन शब्द उमटले. एका बाजूला 'आहे', दुसऱ्या बाजूला 'नाही'. मधे एक पांढरं कडं, भराभर आक्रसत चाललेलं.

"अगं, हे मला विचारतायत!" काका ओरडले. "ए, थांब की जरा! बघू... बघू..."

कडं मिटलं. दाढीवाला नुसता खाली बघत उभा राहिला. लाल स्वेटरवालीनं डोळे पुसले, दार उघडलं आणि ती एकटीच बर्फात निघून गेली. पडद्यावर अक्षरं आली: 'तू गप्प राहिलास. तिच्या हे लक्षात राहील.'

मागे काकू कपड्यांच्या घड्या घालत उभ्या होत्या. त्यांच्या हातातला टॉवेल खाली पडला. "अगदी माझ्या मनातलं लिहिलंय हो!"

"पण मी तर काहीच म्हणालो नाही!" काका रडकुंडीला आले. "मग ती का गेली?"

"बाबा, इथं गप्प राहिलं तरी ते एक उत्तरच धरतात," मुलगी आत येत म्हणाली.

"हा कुठला नियम? आपल्या घरी तर चालतं!"

"चालत नाही हो," काकू म्हणाल्या, "मी चालवून घेते!"

त्या दिवशी काकांना जेवण गेलं नाही. ती पोरगी बर्फात एकटी आहे आणि ती माझ्यामुळे गेली, हेच डोक्यात. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत दुकान बंद करून ते घरी आले ते थेट टीव्हीसमोर. आणि मग रोजच येऊ लागले.

काय जादू होती त्या खेळात कोण जाणे! काकाच शेजाऱ्यांना सांगत सुटले, "अहो, सिनेमात तो गाढव हीरो काळोख्या तळघरात निघाला की आपण नुसतं बोंबलायचं, 'जाऊ नको रे!' तो कधी ऐकतो का? इथं ऐकतो! मी म्हटलं डावीकडे, की डावीकडे. मी म्हटलं खरं सांग, की खरं सांगतो. आणि मग जे होतं ते माझ्यामुळे होतं! चांगलं झालं तरी मी, वाटोळं झालं तरी मी!" आयुष्यात पहिल्यांदाच काकांमुळे काहीतरी घडत होतं, आणि वाटोळं झालं तरी माणूस जागेवर शिल्लक राहतो, गोष्ट पुढे सरकते, हे पाहून ते हरखून गेले होते.

इथपर्यंत ठीक होतं. पण हळूहळू ते कडं काकांना टीव्हीबाहेरही दिसू लागलं! कुणी काही विचारलं की डोळ्यांसमोर पांढरं वर्तुळ आक्रसायला लागायचं आणि ते मिटायच्या आत काका उत्तर फेकायचे.

पेंटर सहज डोकावला. "काका, पाटीचं काय?"

"लाल!" स्वेटरसारखी लालभडक पाटी संध्याकाळपर्यंत झाली. आगीचा बंब बोलावण्याचं ठिकाण आहे असं समजून दोघं आत येऊन गेले.

फ्रेमा विकणारा आला. "साहेब, नवा माल आहे. गुलाबी, मांजराच्या डोळ्यांच्या आकाराच्या. देऊ का थोड्या?"

"पेटीभर द्या!" त्या फ्रेमा बघून काकूंनी कपाळाला हात लावला. पण एका धिप्पाड, मिशाळ ट्रकचालकानं त्यातली एक डोळ्यांवर चढवली, आरशात स्वतःकडे प्रेमानं बघितलं आणि घेऊन गेला! दुसऱ्या दिवशी आपल्या भावालाही घेऊन आला.

गिऱ्हाइकांचे हाल मात्र बघवेनात. "पहिलं की दुसरं? लवकर! वेळ संपतोय! गेलं, गेलं, गेलं...!" खुर्चीवरची माणसं घामाघूम व्हायची. एका आजोबांनी तर घाबरून तक्ता न बघताच सगळी बाराखडी म्हणून दाखवली!

आणि याच भरात एका सकाळी दुकानातला फोन वाजला.

"मी तुमच्या मुलीच्या मित्राची आई बोलतेय. तुम्ही बोलवाल म्हणून फार वाट पाहिली. आता मीच सुट्टीच्या दिवशी सकाळी मुलाला घेऊन आले तर चालेल का?"

"या!" काका म्हणाले. पापणी लवायच्या आत!

पलीकडे बाईसुद्धा दचकल्या असाव्यात. काकांनी फोन ठेवला आणि छाती फुगवून स्वतःलाच आरशात शाबासकी दिली. निर्णय झटपट घ्यायचा असतो हे ते शिकले होते. तो घरी जाऊन सांगायचाही असतो, हा भाग त्या खेळात अजून आला नव्हता!

सुट्टीचा दिवस उजाडला. मुलीच्या एका पेशंटचा गुडघा अडला म्हणून ती दवाखान्यात गेली. काकू स्वयंपाकघरात कांदा चिरत होत्या. कचरा बाहेर ठेवून त्यांनी दार नुसतं लोटून घेतलं होतं. आणि काका? खेळाचं शेवटचं प्रकरण सुरू झालेलं! उजेड टीव्हीवर येतो म्हणून खिडक्यांचे सगळे पडदे ओढलेले, आवाज पूर्ण वाढवलेला, आणि काका बनियनवर सोफ्याच्या टोकाला बसून रिमोटशी झुंजत होते.

बाहेर जिन्यावर न्यायाधीशबाई आणि त्यांचा मुलगा येऊन उभे राहिले. बाईंच्या हातात फुलं. घंटा दाबायला बोट उचललं तोच आतून काकांचा आवाज आला.

"त्या म्हातारीवर अजिबात विश्वास ठेवू नको! वरून गोड बोलते, पण मनात काळंबेरं आहे तिच्या!"

बाईंचं बोट हवेतच राहिलं.

"आणि तो पोरगा?" हा काकूंचा आवाज, स्वयंपाकघरातून.

"तो तर पक्का लबाड! मुलीच्या मागे मागे करतोय नुसता! त्याला काय हवंय ते मला पहिल्या दिवसापासून कळलंय!"

"मग एक करा," काकू म्हणाल्या. "म्हातारीला तळघरात कोंडा आणि पोराला द्या हाकलून!"

"आई," मुलगा कुजबुजला, चेहरा पांढराफटक, "चल, आपण जाऊ या."

"थांब," बाई म्हणाल्या. "साक्षीदार बोलत असताना मधे उठायचं नाही."

"कोंडलं तर ओरडेल की ती!" काका.

"ओरडू दे! एवढ्या थंडीत कोण येतंय ऐकायला?" कांदा खसाखसा चिरल्याचा आवाज आला.

न्यायाधीशबाईंनी आयुष्यभर नाना तऱ्हेचे गुन्हेगार पाहिले होते, पण स्वतःच्याच अपहरणाचा कट दाराबाहेर फुलं घेऊन ऐकायची वेळ पहिल्यांदाच आली होती. त्यांनी ठामपणे घंटा दाबली.

"कोण आहे?" आतून काका किंचाळले. "आत्ता नाही जमणार! इथं माणूस मरतोय!"

प्राण्यांचा असला तरी डॉक्टरच तो! मरणारा माणूस म्हटल्यावर अपमान, म्हातारी, तळघर, सगळं विसरून त्यानं दार ढकललं आणि अंधारात झेप घेतली. "कुठंय? कोण मरतंय? श्वास चालू आहे का?" पुढच्याच क्षणी त्याचा पाय गालिच्याच्या दुमडीत अडकला आणि तो दाणकन काकांच्या अंगावर येऊन पडला. काकांच्या हातातला रिमोट उडाला, जमिनीवर आपटला आणि आपटता आपटता त्याचं नेमकं एक बटण दाबलं गेलं.

पडद्यावर तळघराचं दार धडाम् बंद झालं. कंदील विझला. आणि दारात उभ्या असलेल्या न्यायाधीशबाईंच्या समोर मोठाली अक्षरं उमटली: 'तू म्हातारीला कोंडलंस. तिच्या हे लक्षात राहील.'

काकूंनी धावत येऊन दिवा लावला. दृश्य असं होतं: सोफ्यावर बनियनमधले काका, काकांवर होणारा जावई, दारात फुलं घेतलेली होणारी विहीण, आणि मधोमध काकू, हातात सुरी, डोळ्यांतून कांद्याचं पाणी घळाघळा वाहतंय!

"म्हणजे," न्यायाधीशबाई शांतपणे म्हणाल्या, "ती म्हातारी मी नव्हे?"

"तुम्ही? छे! छे छे!" काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "तुम्ही कुठं म्हाताऱ्या! म्हणजे ती... ती या टीव्हीतली! तिच्याकडे कंदील आहे!"

"अहो, पण हे आले कसे?" काकूंनी दबक्या आवाजात विचारलं. काकांचा चेहराच सगळं बोलून गेला. "तुम्ही बोलावलंत? आणि मला सांगितलं नाहीत?" सुरी अजून हातात होती, म्हणून काका सोफ्याच्या पलीकडच्या टोकाला सरकले.

"मला पुरावा हवा," बाई म्हणाल्या. "दाखवा ती म्हातारी."

काकांनी घाईघाईनं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून लावलं. बाई खुर्चीत ताठ बसल्या. विश्रामगृह आलं, बर्फ आलं, कंदील घेऊन मालकीण आली. बाईंनी चष्मा पुसला. थोडा वेळ गेला आणि त्या अचानक म्हणाल्या, "ही बाई निर्दोष आहे."

"काय सांगता! तिच्या खिशात किल्ली आहे, मी पाहिली!" काका.

"किल्ली असणं हा गुन्हा नाही! द्या इकडे ते यंत्र!"

बाईंनी रिमोट हातात घेतला. मालकीण आणि दाढीवाला एकमेकांवर आरोप करू लागले आणि पडद्यावर विचारणा झाली: कुणाचं ऐकायचं?

"आधी दोन्ही बाजू ऐकून घेऊ," बाई म्हणाल्या. "तो काय म्हणतो ते..."

कडं मिटलं. छताचा वासा कडकडला आणि दाढीवाल्याच्या खांद्यावर कोसळला.

"अरे! हा काय न्याय झाला?" बाई ताडकन उठल्या. "माझं ऐकून संपायचं होतं! पुढची तारीख द्या!"

"बाई, इथं तारीख मिळत नाही!" काका आनंदानं ओरडले. आपल्यासारखंच दुसरं कुणीतरी जगात आहे, तेही निवृत्त न्यायाधीश, हे बघून त्यांना बाईंची गळाभेट घ्यावीशी वाटली.

मग काय विचारता! बाई खुर्चीवरून गालिच्यावर आल्या. काकू सुरी ठेवून आल्या आणि कांदा तसाच राहिला. डॉक्टर पडद्यावरच्या खांद्याला काय इलाज करायचा ते सांगू लागला. फुलं कुणीतरी पाण्याच्या तांब्यात खोचली. रिमोट या हातातून त्या हातात फिरू लागला, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा निर्णय साफ चुकीचा वाटू लागला. दाढीवाल्याबद्दल बाईंचं मत तर पुढच्या वळणावर पार पालटलं.

नेमकी त्याच वेळी मुलगी दवाखान्यातून परतली. जिन्यात तिला घरातून भांडण ऐकू आलं.

"तो मुलगा खोटारडा आहे!" हा न्यायाधीशबाईंचा आवाज. "माझ्या समोर असता तर मी त्याला जन्मभर आत टाकला असता! त्या मुलीची गाठ त्याच्याशी बांधणं म्हणजे तिच्या आयुष्याचं मातेरं!"

"मी तर सुरुवातीपासून तेच म्हणतोय!" हे काका. "दोघांना वेगळं करा! आत्ताच्या आत्ता!"

मुलीची बॅग हातातून गळाली. दार धाडकन उघडून ती आत आली. गाल लाल, आवाज कापरा.

"बास! इतके दिवस वाट बघितली. बाबांची बघितली, तुमचीही बघितली. तुम्हाला मान्य असो नसो, आम्ही लग्न करणार! मला तो आवडतो. त्याच्या अंगावरच्या मांजराच्या केसांसकट आवडतो!"

गालिच्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या डॉक्टरनं हळूच बटण दाबून चित्र थांबवलं. "अगं," तो लाजून म्हणाला, "आम्ही त्या दाढीवाल्याबद्दल बोलत होतो."

मुलीनं टीव्हीकडे पाहिलं. गालिच्यावर मांडी घालून बसलेल्या न्यायाधीशबाईंकडे पाहिलं. बनियनमधल्या बापाकडे पाहिलं. आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

न्यायाधीशबाईंनी चष्मा सारखा केला. "विषय निघालाच आहे तर आता होऊन जाऊ दे." त्या काकांकडे वळल्या. "मी त्यासाठीच आले होते. सांगा, तुमचं काय म्हणणं आहे?"

काका उभे राहिले. त्यांनी नेहमीप्रमाणे समोर पाहिलं. पण या वेळी कडं आलं नाही! खाली दोन शब्दही उमटले नाहीत. कितीही वेळ घ्या, कुणी घाई करणार नव्हतं. या मोकळ्या वेळातच ते जन्मभर हरवत आले होते. जीभ ओठांपर्यंत आली, जुना शब्द घेऊनच आली. तेवढ्यात त्यांना मुलगी दिसली. ती अजून दारातच उभी होती, एक पाय घरात, एक बाहेर.

"हो," काका म्हणाले.

आवाज जरा बारीक आला, म्हणून त्यांनी घसा खाकरला. "हो म्हणजे, हो! माझा होकार आहे! अहो, माझ्या घरात माणूस मरतोय एवढं ऐकून हा मुलगा अंधारात धावत आला. त्याच्या आईला कोंडायला निघालेल्या घरात! माझ्या पोटावर येऊन आपटेपर्यंत विचारत होता, श्वास चालू आहे का? असा जावई मला दुसरा कुठं मिळणार? मला हा मुलगा पसंत आहे! एकदम पसंत आहे!"

काकू आधी हसल्या आणि मग रडल्या, आणि या खेपेला कांदा जवळ नव्हता. मुलगी धावत आली आणि काकांच्या गळ्यात पडली. डॉक्टर पाया पडायचं की हात मिळवायचा या गोंधळात अर्धवट वाकून तसाच राहिला. काकांचे हात पसरलेले, डोळे पाणावलेले, आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण करून ते टीव्हीसमोर पुतळ्यासारखे उभे होते.

"जबाब ऐकला. निकाल तुमच्या बाजूनं," न्यायाधीशबाई हसून म्हणाल्या. "आता जरा बाजूला सरका. मागचं काही दिसत नाहीये."

"आणि आत जाऊन सदरा घाला आधी!" काकूंनी डोळे पुसत बजावलं.

"जातो, जातो! पण मी येईपर्यंत पुढे नेऊ नका हं!"

"नाही हो, नाही नेत," चौघंही एका सुरात म्हणाले.

काकांनी कपाट उघडलं. आज शोभेल असा सदरा हवा. पांढरा घालावा की चौकटीचा? पांढरा अंगाला लावून पाहिला, चौकटीचा लावून पाहिला, पुन्हा पांढरा लावून पाहिला. बाहेर एकदम कल्लोळ उठला. "उघड! उघड! नको! अगं नको!" काका चौकटीच्या सदऱ्यात एकच हात घालून धावत आले.

पडद्यावर पांढरंशुभ्र बर्फ आणि त्यावरून वर सरकत चाललेली नावं. खेळ संपला होता! चौघं एकमेकांकडे बोटं दाखवत एकाच वेळी ओरडत होते.

"अरे, मी नसताना?" काका कळवळले. "माझ्यासाठी थांबायला काय झालं होतं?"

"आम्ही थांबलो होतो की, बाबा!" मुलगी रिमोट पाठीमागे लपवत म्हणाली. "पण तुम्ही सदरा निवडत होतात!"